साठ टक्क्यांवर अडलेलं अपडेट

"हे बघा ताई, परत तेच," वैशाली मॅडमनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. अपडेट साठ टक्क्यांपर्यंत गेलं होतं आणि खाली लाल अक्षरांत 'अपडेट फेल्ड' आलं होतं. सकाळपासून चौथ्यांदा.

मी धुळ्यात कॉम्प्युटर सर्व्हिसिंगचं काम करते. मॅडमचं कानाच्या तपासणीचं क्लिनिक माझं जुनं गिऱ्हाईक. श्रवणयंत्र नुसतं कानात घालून चालत नाही. कोणाला कुठले आवाज किती कमी ऐकू येतात, त्याप्रमाणे ते कॉम्प्युटरवरून सेट करावं लागतं. त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर असतं. मॅडमकडचं सॉफ्टवेअर जुनं आणि यंत्र नव्या मॉडेलचं. अपडेट झाल्याशिवाय ते यंत्र सॉफ्टवेअरला दिसणारच नव्हतं.

यंत्र ज्यांचं होतं ते आबा समोरच्या खुर्चीत बसले होते. पंच्याहत्तरी ओलांडलेले, सोनगीरच्या पुढच्या एका गावचे. सोबत मुलगी सुनंदा.

"तिसरी खेप आहे ताई," सुनंदा मला बाजूला घेऊन म्हणाली. "पहिल्यांदा तपासणी झाली, दुसऱ्यांदा हेच अपडेट अडलं. आज नाही जमलं तर ते परत येणार नाहीत. घरात कोणाशी बोलतच नाहीत आता."

मी कामाला लागले. नेट व्यवस्थित होतं. डिस्कवर जागा होती. मग अँटीव्हायरस उघडून त्याची हिस्टरी पाहिली. अपडेटची एक फाइल त्याने चारही वेळा क्वारंटाइनमध्ये टाकली होती. क्वारंटाइन म्हणजे संशय आलेली फाइल वेगळी कोंडून ठेवायची जागा. अपडेट त्या फाइलची वाट बघत बसायचं आणि शेवटी हात टेकायचं.

फाइल खरोखर कंपनीचीच आहे ना, याची खात्री करायला हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव जुळवून पाहिलं. हो, आमचीच.

"मॅम, अँटीव्हायरस निकाल दीजिए, हो जाएगा."

"और पेशंट का रेकॉर्ड? उसका क्या?"

अँटीव्हायरस काढला तर ते उघड्यावर पडणार होतं, पण तो परत तेच म्हणाला. मी फोन ठेवला.

अँटीव्हायरस काढायची गरज नसते. सेटिंग्जमध्ये एक्सक्लूजन नावाची सोय असते. अमुक एका फोल्डरला हात लावू नको, एवढंच त्याला सांगायचं. बाकी सगळीकडे त्याचा पहारा चालूच राहतो. मी त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरला एक्सक्लूजन दिलं, फाइल बाहेर काढली आणि अपडेट सुरू केलं. चाळीस. पन्नास. साठ.

अपडेट फेल्ड.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. त्याने मला जास्तच लागलं. आबांना ऐकू येत नव्हतं, पण आमचे चेहरे दिसत होते.

"जाऊ द्या मॅडम," ते अहिराणीत म्हणाले. "मना कानसमाच दम नही. मशीन तरी काय करी?"

आपल्या कानांतच दम नाही, मशीनने ते नापास केले, असं त्यांना वाटत होतं. सुनंदाने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, की बिघाड कॉम्प्युटरमध्ये आहे. ते हसले. विश्वास बसला नव्हता.

मी परत स्क्रीनकडे बघितलं. खाली कोपऱ्यात घड्याळाशेजारी बारीक चिन्हं असतात, ती एकेक करून पाहिली. त्यात अँटीव्हायरसची असते तशी ढालीची चिन्हं दोन निघाली.

"मॅडम, दुसरा अँटीव्हायरस कोणी टाकला?"

"मीच. मागच्या महिन्यात. फुकट मिळत होता. म्हटलं, दोन असले तर जास्त सेफ."

दोन असले की दोघंही प्रत्येक फाइल तपासतात, एकाने सोडली तरी दुसरा अडवतो. मी एकाला समजावलं होतं, दुसरा मला माहीतच नव्हता. फुकटचा काढून टाकला, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. या वेळी साठवर बराच वेळ थांबलं. मग एकसष्ट झालं. शंभरला पोहोचलं तेव्हा मॅडमनी टाळी वाजवली. आबांना ती ऐकू आली नाही.

पुढचं काम मॅडमचं. त्यांनी यंत्र आबांच्या कानात बसवलं, सॉफ्टवेअरला जोडलं आणि हळूहळू आवाज वाढवत नेला. सुनंदाला राहवेना. ती सवयीने मोठ्यांदा म्हणाली, "आबा! ऐकू येस का?"

आबा दचकले. "काबर वरडी राहिनी इतली?"

आपलं ओरडणं त्यांना टोचलं हे बघून सुनंदा हसत सुटली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मॅडम साध्या आवाजात बोलत राहिल्या, आबा उत्तरं देत राहिले. मध्येच त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं.

"ते डबडं घरघर करी राहिनं. बेअरिंग गयं त्यानं."

मला काही ऐकू येत नव्हतं. वाकून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कान लावला, तेव्हा कुठे बारीक घरघर आली. झाकण काढून बघितलं तर आतला पंखा डुगडुगत होता.

"पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे ते," सुनंदा म्हणाली. "आवाजावरून सांगायचे काय बिघडलंय. ऐकू येईनासं झालं आणि दुकान बंद केलं."

दुसऱ्या दिवशी मी पंखा बदलला. कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस एकच ठेवा, आणि अपडेट अडलं तर तो काढून टाकण्याआधी त्याने काय अडवलंय ते वाचा, एवढं मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. पंख्याचं कोणाला सांगत नाही. दोन तास मी त्या कॅबिनेटला गुडघा टेकवून बसले होते, तरी मला ती घरघर कळली नव्हती.