कंपनी बाहेर उभा आहे

गाणं तयार झालं की ते लावून स्वतः खोलीबाहेर निघून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही चौघं कोपरच्या त्या खोलीत श्वास रोखून बसलेलो असायचो, आणि ज्याने ते गाणं रेकॉर्ड केलं तो चपला घालून जिना उतरत असायचा. आधी जिन्यात थांबायचा, मग फाटकापाशी, मग रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीजवळ. तिथे आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, मान खाली घालून उभा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सासरच्यांनी हाकललेला जावई आहे. "गाणं बाहेरून ऐकायचं असतं," तो म्हणायचा. "घरात बसून सगळ्यांचीच पोरं हुशार असतात."

आम्ही त्याला 'कंपनी' म्हणायचो. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलेलं. फोन वाजला की घसा साफ करून म्हणायचा, "नमस्कार, कंपनीतून बोलतोय." त्या कंपनीत माणूस एकच. मालक तोच, रेकॉर्डिंग करणारा तोच, सीडीच्या कव्हरवरची भयंकर चित्रं काढणारा तोच आणि चहा सांगायला खाली जाणाराही तोच. मग "कंपनी जेवला का?", "आज कंपनीचं डोकं फिरलंय" असं जे सुरू झालं ते कायमचंच. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता, पण अहो-जाहो त्याला खपायचं नाही. "अहो म्हणालात तर सीडी काढणार नाही" अशी सरळ धमकी होती.

आमची भेट कल्याणच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला झाली. आमचा बँड पोस्ट-पंक वाजवायचा. हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी सांगते: ड्रम सरळ ठोकायचा, गिटार थोडी आणि कर्कश, सगळा भार बास गिटारवर आणि गाणारा गातो कमी, तक्रार जास्त करतो. बास मी वाजवायचे. दुसऱ्याच गाण्याला पोरांनी ओरडून आम्हाला खाली उतरवलं. मी स्टेजमागे वायर गुंडाळत रडत होते, तेव्हा साऊंडवर बसलेला एक किडकिडीत माणूस आला आणि म्हणाला, "बास चांगला आहे तुझा. बाकीचे शिकतील. हे काढतं कोण? म्हणजे सीडी वगैरे?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मग मी काढतो."

असलं संगीत आधी ऐकलंय का, असं मी विचारलं. तर म्हणाला, "आज पहिल्यांदाच ऐकलं. पण आमच्या बापाची गायन पार्टी असंच गायची ना. भीमजयंतीला. आवाज फाटलेला, ठेका सरळ, आणि पोटात राग. मला यात नवीन काय वाटणार?" मला आठवतं, रडणं थांबवून मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्या गाण्यात राग आहे हे आम्हाला सोडून कोणालातरी कळलं होतं.

असे 'खाजण रेकॉर्ड्स' सुरू झाले. कोपरच्या खोलीच्या खिडकीतून खाडीकाठची खारट, ओलसर जमीन दिसायची, तिचं नाव त्याने आपल्या लेबलला, म्हणजे सीडी काढायच्या धंद्याला दिलं. "खाजणात काही उगवत नाही म्हणतात. गेलंय का कोण बघायला?" खोली नानींची होती. नानी मूळच्या कोपरच्या, आगरी. नवऱ्याच्या काळात मिठागरं, आता इमारती. पण राहणं, बोलणं आणि ओरडणं सगळं जुन्या वळणाचं. आमची प्रॅक्टिस रंगात आली की खालून हाक यायची, "काय रं कंपनी, कोनाचा मयत झाला का?" कंपनी खिडकीतून वाकून म्हणायचा, "नाय नानी, लग्न आहे." "मंग असा काय रडताव?"

कंपनीचं पोट मात्र हळदीवर चालायचं. हळदीच्या समारंभात लागणाऱ्या गाण्यांच्या सीडी तो काढायचा. दिवा-कोपरच्या आजूबाजूच्या गावांतून त्या हातोहात जायच्या. जयंतीच्या दिवसांत जयंतीची गाणी. रविवारी आम्ही. आमच्यासारखे अजून दोन बँड त्याने जमवले होते, एक ठाण्याचा आणि एक उल्हासनगरचा. आमच्या सीडी कॉलेजची पोरं घ्यायची, आमचे मित्र घ्यायचे, मित्रांच्या बहिणी घ्यायच्या. आणि इथेच कंपनीचं समाधान व्हायचं नाही.

"ही सगळी आपली माणसं," तो म्हणायचा. "आपल्याला ओळखतात म्हणून ऐकतात. मला एकदाच, फक्त एकदाच आपलं गाणं अशा माणसाच्या तोंडून ऐकायचंय, ज्याला आपण कोण हे माहीतच नाही. मग लेबल बंद झालं तरी चालेल." भेटला की पहिला प्रश्न हाच: "ऐकलंस का कुठे?" मी नाही म्हणायचे. "बरं. ऐकशील," म्हणून तो कामाला लागायचा.

आमचा गायक निलेश दिव्याला राहायचा. त्याच्या बिल्डिंगला पाण्याची बोंब. सकाळी उठल्यापासून जिन्यात, गच्चीवर, फोनवर एकच प्रश्न, पाणी आलं का. त्याने त्याचंच गाणं केलं. शब्द जवळजवळ नव्हतेच. बासची चार सुरांची एक ओळ फिरत राहायची आणि निलेश दर थोड्या वेळाने, कधी विनवणी केल्यासारखा, कधी भांडल्यासारखा विचारायचा, "पाणी आलं का?" रेकॉर्डिंग झालं आणि कंपनी नेहमीप्रमाणे रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. गाणं संपलं तरी येईना. आला तो जिने दोन-दोन चढत, धापा टाकत. "एका बाईने वळून बघितलं रे!" आम्हाला वाटलं काय झालं. "हंडा घेऊन चाललेली. थांबली, वर बघितलं, आणि मला विचारते, 'कुठे आलं पाणी?'" त्या दिवशी त्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. पण ती बाई तो हिशेबात धरायला तयार नव्हता. "तिने पाणी ऐकलं, गाणं नाही," असा न्याय स्वतःच देऊन मोकळा झाला.

आणि मग तो शुक्रवार आला. हळदीचा हंगाम तोंडावर होता, सीडीच्या भराभर प्रती काढणारं मशीन दिवसभर चालू होतं. हळदीची मूळ सीडी त्याने बाहेर जाऊन ऐकली, पसंत केली, आणि तेवढ्यात लाईट गेली. शुक्रवारी ती जायचीच. लाईट आल्यावर त्याने गडबडीत मशीनमध्ये 'पाणी आलं का'ची सीडी घातली. परत बाहेर जाऊन ऐकायचा कंटाळा केला, आयुष्यात एकदाच. निघालेल्या सगळ्या सीडींवर हळदीचे पिवळे स्टिकर चिकटवले आणि माल दिव्याकडच्या गावांत रवाना झाला.

दोन दिवसांनी नानी खोलीत आल्या त्या कमरेला पदर खोचूनच. त्यांच्या भाच्याच्या हळदीत डीजेने ती सीडी लावली होती. "आमची हलद होती का तेरावा?" त्या कडाडल्या. "नवरा पाटावर बसलेला, अंगाला हलद, आनि तुमचा बाबा विचारतंय पानी आलं का! पोरांनी बंद केला म्हनून बरा!" कंपनीला इतका खचलेला मी कधी बघितला नव्हता. कोणाच्या तरी मंगल कार्यात आपल्यामुळे विघ्न आलं, हे त्याच्या मनातून जाईना. त्याच्या वडिलांची पार्टी गावोगाव इज्जतीवर जगली होती. दुसऱ्या दिवसापासून तो खऱ्या हळदीच्या सीडींची पिशवी घेऊन गावं पालथी घालू लागला. घरोघरी जाऊन माफी मागायची, चांगली सीडी द्यायची, चुकीची परत घ्यायची. बऱ्याच मिळाल्या. काही घरांतून "टाकली रे ती" असं उत्तर आलं.

मी त्याला हसवायला म्हटलं, "कंपनी, अनोळखी माणसांनी ऐकलं की शेवटी."

त्याने हात जोडले. "ते ऐकलं नाही गं. सहन केलं."

त्यानंतर 'खाजण'चे दिवस फार उरले नव्हते. सीडी घेणारं कोणी राहिलं नाही, हळदीची गाणीसुद्धा लोकांच्या मोबाइलवर गेली. निलेश बंगळूरला गेला, ड्रमर कॅनडाला, आणि गिटारवाल्याने लग्न करून गिटार भाच्याला दिली. मी ठाण्याला नोकरीला लागले. नानी गेल्या, त्यांची इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला. कंपनीने ठाण्याच्या एका सभागृहात साऊंडची नोकरी धरली. भाषणांचे माईक लावायचा, सत्कारांचे माईक लावायचा. एकदा मी तिथे गेले होते, तर वक्त्याचा आवाज चालू करून हा पठ्ठ्या पार्किंगमध्ये जाऊन पाठ करून उभा. "भाषणही बाहेरून ऐकतोस?" मी विचारलं. "बाहेरून बरं वाटतं," तो म्हणाला. "शब्द कळत नाहीत."

फोन मात्र यायचे. वाढदिवसाला, जयंतीला, कधी उगाच. "नमस्कार, कंपनीतून बोलतोय." मुलांची चौकशी, गुडघ्याची चौकशी, आणि शेवटी, जणू आत्ताच आठवल्यासारखं, "ऐकलंस का कुठे?"

"नाही रे, कंपनी."

"बरं. ऐकशील."

किती वेळा वाटलं, खोटं सांगावं. कोणीतरी रिक्षावाला गुणगुणत होता म्हणून सांगावं. पण त्याला खोटं सांगायची हिंमत झाली नाही. तो लगेच विचारणार, कुठे उभा होता, कुठली ओळ, सूर वर कसा नेला.

गेल्या वर्षी तो गेला. हृदयाचं दुखणं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. कल्याणच्या घरी वहिनींना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलमध्येसुद्धा तेच हो. मोबाइलवर तुमचं ते पाण्याचं गाणं लावायचे आणि मला म्हणायचे, तू दाराबाहेर जाऊन ऐक. मी आपली उभी राहायचे कॉरिडॉरमध्ये, नर्सबाई बघायच्या. आत आले की विचारायचे, कसं येतं ऐकू? मी म्हणायचे, छान येतं. मला काय कळतंय त्यातलं?" पदराने डोळे पुसून त्या चहा टाकायला उठल्या. मी त्या घरात बसून राहिले आणि मला त्याचा इतका राग आला! असं अर्धवट सोडून जातं का कोणी? त्याला हवं होतं तरी किती, एक अनोळखी माणूस. जगात त्यांचा काय तोटा होता!

या वर्षी ऑफिसमधल्या एका मुलीच्या भावाची हळद होती, दिव्याच्या पुढच्या एका गावात. मी जरा उशिराच पोचले. मंडप भरलेला, बायकांच्या साड्या पिवळ्या झालेल्या, आणि बेंजो पार्टी पेटलेली. पानाचा डबा शोधत मी कोपऱ्यात गेले, आणि तिथेच थबकले. बेंजोवर चार सूर फिरत होते. वेग दुप्पट, खाली ढोल-ताशा, वर खुळखुळे. पण चार सूर तेच. माझ्या बोटांना आधी कळलं, मला नंतर. तेवढ्यात वाजवणारे एकदम थांबले, आणि अख्खा मंडप, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, ओरडला, "पानी आला का?" आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच जोरात उत्तर आलं, "नाय आला!" की पुन्हा बेंजो सुरू. हे उत्तर आमच्या गाण्यात नव्हतं. इतक्या वर्षांत कोणीतरी घातलं होतं.

वाजवणारे पाणी प्यायला थांबले तेव्हा मी बेंजोवाल्याजवळ गेले. माझ्याच वयाचा माणूस, घामाने निथळत होता. "दादा, हे गाणं कुठलं?"

"यो? आमचे गावचा हाय. जुना."

"बनवलं कोणी?"

"कोन बनवील? आमचे मोठे भावाचे हलदीला एक पिवली सीडी लागलेली, तिचेवर होता. पयला पोरांनी बंद केला, मंग त्यांनीच परत लावला. तवापासून याचेशिवाय हलद नाय उतरत आमचेकडं." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "का ताई? आवडला का?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की दादा, हा बास माझा आहे. पण गिळलं. याला आम्ही कोण हे माहीत नव्हतं, आणि कंपनीची अट तीच होती. मी फक्त म्हटलं, "खूप आवडलं. परत वाजवाल का?"

तो हसला आणि बेंजोकडे वळला. मी चपला घातल्या, मंडपाबाहेर आले, रस्ता ओलांडला. समोर एका घराची भिंत होती. तिच्याजवळ मंडपाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभी राहिले. बाहेरून खरंच छान येत होतं ऐकू. चार सूर फिरले, फिरले आणि थांबले. मंडप ओरडला, "पानी आला का?"

"आलं, कंपनी," मी भिंतीला म्हटलं. "आलं रे."