जाड कडं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

आपला भाग मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास मी वालूरकडं भाड्याचा ट्रॅक्टर चालवत होतो. नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यावर लोखंडी कडं अडकवावं लागे. कडं जाड असलं की नांगर वरवर चालायचा, पातळ असलं की खोल जायचा. हरळी उपटायची म्हणून मी सगळ्यात पातळ घातलं होतं.

एका शेतात मालकीण आडवी आली. बोरीजवळ बोट दाखवून म्हणाली, "दादा, तिथं माझं लेकरू ठिवलंय. दात बी आले नव्हते त्याला. तेवढं वरून जावा."

मी कड्यांची पेटी तिच्यापुढं ठेवली. कासारापुढं बसावं तशी ती बसली आणि एकेक कडं मनगटाशी धरून पाहू लागली. "तुमच्या बांगड्या लय जड हायत की!" म्हणून हसली. मग सगळ्यात जाड कडं पदरानं पुसून माझ्या हातात दिलं.

"हेच घालतो, अक्का."

ती पाणी आणायला गेली. पुढच्या शेतवाल्याचा माणूस बांधावर खोळंबला होता. मी कडं न बदलताच ट्रॅक्टरवर चढलो. पातळ कड्यावरच बोरीजवळून नांगर नेला, आणि मागं वळून पाहिलं नाही.

ती परतली, नांगराच्या तासात गुडघे टेकले, मातीवर तळवा ठेवला. "निजलंय की तसंच," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला.

मी ते पाणी प्यालो. तिला खरं सांगणं अजून माझ्याकडून राहिलंय.