मीटर चिन्नोर शिकला तेव्हा

आमच्या कंपनीचा पहिला स्टॉल एका लग्नाच्या लॉनवर लागला. भंडाऱ्याच्या राइस मिलवाल्यांनी यंत्रांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि एवढी मोकळी जागा गावात दुसरी नव्हती. नवरा-नवरीच्या खुर्च्या जिथे मांडतात त्या स्टेजवर तांदळातले काळे दाणे वेचणारं एक भलंमोठं मशीन उभं होतं. ते दक्षिणेतल्या एका बड्या कंपनीचं होतं. त्याच्या पायथ्याशी, जिथे एरवी आहेराची पाकिटं घेणारे बसतात, तिथे आमचं टेबल होतं.

आमची कंपनी म्हणजे भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेलगतच्या दोन खोल्या, मी आणि सर्किट जोडणाऱ्या चार मुली. धानातला ओलावा मोजायचा मीटर आम्ही बनवत होतो. पेला भरून धान त्यात ओतायचा, बटन दाबायचं, लाल आकड्यात ओलावा दिसतो. त्या आकड्यावर मिलवाला भाव ठरवतो; ओल जास्त तर भाव कमी. एवढंच ते यंत्र. पण त्याचं सर्किट मी स्वतः काढलं होतं आणि हंगामभर आमच्या भागातल्या मिलमध्ये ते तपासून घेतलं होतं. ते चांगलं आहे हे मला माहीत होतं.

मदतीला बाबा आले होते. त्यांचं सगळं आयुष्य जवाहरनगरच्या कारखान्यात माल तपासण्यात गेलं. रिटायर झाले तरी इस्त्रीच्या शर्टाशिवाय घराबाहेर पडत नव्हते. मी डिप्लोमा झाले तेव्हा विहारात सगळ्यांना पेढे वाटणारे तेच, आणि मी नोकरी न करता कंपनी काढते म्हटल्यावर आठवडाभर न बोललेलेही तेच. आता ते टेबलापुढे ताठ उभे राहिले की येणारा प्रत्येक जण त्यांनाच मालक समजायचा.

"काकाजी, वॉरंटी किती?" कोणी विचारायचं.

"मले नाही माहीत. मालकीण ते बसली हाये, तिले विचारा," बाबा म्हणायचे. मग तो माणूस माझ्याकडे बघायचा, पुन्हा बाबांकडे बघायचा आणि प्रश्न बाबांनाच विचारायचा. मी उत्तर द्यायची. बाबा ते उत्तर त्याला जसंच्या तसं पुन्हा सांगायचे. दुपारपर्यंत आमची ही पद्धत चांगली बसली.

जेवणानंतर गोंदियाचे एक मिलवाले आले. जिल्हा वेगळा झाल्यापासून गोंदियावाले भंडाऱ्यात पाहुण्यासारखे येतात, तसेच तेही आले. इकडेतिकडे बघत, कशालाही हात न लावता. माझ्यापुढे मात्र थांबले. खिशातून कापडाची लहान थैली काढली.

"चिन्नोर है. इसको देखो जरा," ते म्हणाले.

चिन्नोर आमच्याकडचा वासाचा धान, दाणा बारीक. मी पेला भरला, वरून पट्टी फिरवली, बटन दाबलं. आकडा आला.

त्यांनी मान हलवली. "ज्यादा दाखवते. मी यातलाच थोडा ओव्हनमध्ये वाळवून, वजन करून बघितला आहे. एवढी ओल नाही याच्यात."

तोवर मागे सात-आठ जण जमले होते. स्टेजवरच्या बड्या कंपनीचा माणूसही वरून वाकून बघत होता. मी पुन्हा पेला भरला. आकडा तोच आला.

मला कारण कळायला वेळ लागला नाही. मी मीटरचे आकडे जुळवून बसवले होते ते जाड्या दाण्यावर. चिन्नोरचा बारीक दाणा पेल्यात दाटून बसतो, तेवढ्याच पेल्यात धान जास्त मावतो, आणि मीटरला वाटतं ओलावा जास्त आहे.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "याला चिन्नोर येत नाही."

मागे कोणीतरी हसलं. बाबा पटकन पुढे झाले, लग्नातला गुलाबी पडदा खांबाला बांधलेला होता तो सोडला आणि आमच्या टेबलापुढे ओढून घेतला. पडद्याच्या आत फक्त आम्ही दोघं उरलो.

"असं काहून सांगितलं?" ते हळू आवाजात म्हणाले. "नापास माल लोकाईसमोर दाखवत नसतात. आमच्या इथं तर दार लावून तपासत होतो."

"बाबा, तो कारखाना होता. हा बाजार आहे. त्यांना दिसलंच आहे, आता पडदा लावून काय होणार?"

"लोक नाव ठेवतील."

"दुरुस्त नाही केला तर ठेवतील."

मी पडदा बाजूला केला. गोंदियावाले तिथेच उभे होते. मी त्यांना विचारलं, "मीटर जास्त दाखवतो म्हणजे तुमचा फायदाच. तरी तुम्ही सांगितलंत?"

"एक साल फायदा," ते म्हणाले. "मग कास्तकार दुसऱ्याच्या मिलमध्ये जाते. त्याले घरी माहीत असते ना, धान किती वाळवला ते."

मला तो माणूस आवडला. मी म्हटलं, "एका थैलीवर नाही जमणार. ओला, अर्धा वाळलेला, पूर्ण वाळलेला, असा चिन्नोर आणा, ओव्हनचे आकडे घेऊन. उद्या इथेच बसवून देते. तुमच्यासमोर."

ते उद्या येतील अशी बाबांना खात्री नव्हती. मला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉनचं फाटक उघडलं तेव्हा ते तीन थैल्या घेऊन उभे, आणि सोबत आणखी दोन मिलवाले.

मी मीटरचे स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. आतला छोटा स्क्रू फिरवला की आकडा वरखाली सरकतो; पण तो एका थैलीला जुळला की दुसरीला चुकतो. म्हणून जाड्या धानाचं सर्किट तसंच ठेवून चिन्नोरसाठी वेगळा भाग जोडावा लागणार होता. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. धुराचा वास सुटला तशी माणसं जवळ सरकली.

पेला भरायचं काम बाबांनी स्वतःहून घेतलं. दर वेळी सारखाच ओतायचे, न दाबता, न हलवता, आणि पट्टी एकदाच फिरवायचे. कोणी मध्येच हात घातला की, "थांबा भाऊ, धक्का लागते," म्हणायचे. थोड्या वेळानं त्यांनी टेबलच उचलून पुढे घेतलं, मागच्यांना दिसावं म्हणून. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "तू तुयं काम कर, माय."

जेवणाच्या सुट्टीआधी तिन्ही थैल्या जुळल्या. गोंदियावाल्यांनी मग न सांगता चौथी थैली खिशातून काढली. तिचा आकडा त्यांनी मला सांगितलेला नव्हता. बाबांनी पेला भरला, मी बटन दाबलं. गोंदियावाले आकडा ताडून बघून म्हणाले, "ठीक है. दोन मीटर द्या."

त्या दिवशी आम्ही सोबत नेलेले सगळे मीटर गेले आणि मागाहून बनवून द्यायचेही बरेच ठरले. निघताना स्टेजवरचा माणूस खाली उतरला. त्यांची कंपनी आमचे मीटर घेईल, फक्त वर नाव त्यांचं छापायचं, असं म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी विचार केला आणि सांगितलं, "माल घ्या, पाहिजे तेवढा देते. नाव आमचंच राहील." त्याचं पुढे काही झालं नाही, आणि मला त्याची हळहळही वाटली नाही. बाबांनी परतताना रिक्षावाल्याला सगळी गोष्ट सांगितली, पडद्याचा भाग सोडून.

हंगामात मी गोंदियाला त्या मिलमध्ये मीटर बघायला गेले. धानाच्या पोत्यांजवळ एक म्हातारी उभी होती, लेकाला न पाठवता स्वतः आलेली. मुनीमानं बटन दाबलं तसा तिनं वाकून आकडा बघितला.

"हे कोणं बनवलं?" तिनं विचारलं.

"ह्या बाईनं. भंडाऱ्याच्या हायेत," मालक म्हणाले.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अन् बिघडलं तं?"

"मीच येईन," मी म्हटलं.

"मंग मापा," ती मुनीमाला म्हणाली आणि दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडायला लागली.