शेवंतीकाकीच्या कातडीचा तुकडा

पेजेची तापलेली तपेली शेवंतीकाकी चुलीवरून नुसत्या हाताने उतरवायची, आणि आमच्या घराला त्याचं कोण कौतुक! आजी, म्हणजे तिची सासू काशीबाई, आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या सुनेक चटको म्हणान लागना नाय." मालवणजवळच्या आमच्या गावातल्या बायका आपापल्या सुनांना तिचा दाखला देत. त्या हाताला काही कळतच नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आमची खोडच आहे ती. बाईला दुखत नाही म्हटलं की ती आम्हाला गुणी वाटते.

मग अठ्ठावन्न साली तिच्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा दिसला आणि करंगळी वाकडी व्हायला लागली. गुणी सून एका दिवसात महारोगी झाली. आजीने देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर ओले तांदूळ चिकटवले, गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, हा मोठा रोग आहे का? उजवीकडचा दाणा पडला. म्हणजे आहे. झालं! दिवेलागणीच्या आत काकीचं अंथरूण, एक ताट आणि एक तांब्या शेतावरच्या मांगरात जाऊन पडले. गवत आणि औतं ठेवायची खोप ती. तिची लहानगी सुगंधा आजीने घरी ठेवून घेतली. तिचे यजमान भिकाजीकाका गलबतावर खलाशी, ते तेव्हा दूर दर्यावर होते. घरात असते तरी आईपुढे तोंड उघडलं असतं असं मला वाटत नाही.

रडत बसायला काकीला वेळ नव्हता. तिला मुलगी परत हवी होती. ती सकाळी उठली आणि एकटी एस्टीत बसून कणकवलीला गेली. तिथे बाजाराच्या दिवशी कुष्ठरोग्यांचा दवाखाना भरायचा. डॉक्टर सामंतांनी तिला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस फिरवला. तिला कळलं नाही. कोपराची शीर चाचपली, ती सुंभासारखी जाड लागली.

"रोग तोच वाटतो," डॉक्टर म्हणाले. "पण त्याचे प्रकार असतात. कुठला ते कातडी तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

"मगे कापा," काकी म्हणाली. "तुमका वाटता म्हणान मी जल्मभर मांगरात ऱ्हवचंय नाय."

चट्ट्याच्या काठाचा एक तुकडा कापून बाटलीतून मुंबईला गेला. तिथे त्याचे पातळ काप काढून रंगवले आणि ते काचेवर बसून परत आले. तोवर काकी मांगरात राहिली. सुगंधा कुंपणापाशी येऊन हाका मारायची आणि आजी तिला ओढून न्यायची. हे सांगताना काकीचा आवाज म्हातारपणीही फाटायचा, आणि माझंही डोकं फिरायचं.

काचा आल्या तेव्हा काकी हटून बसली, माझी कातडी मीच बघणार. डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला.

"हे गोल पुंजके दिसतात? तुमच्या शरीराने रोगाला घेरलंय. या मारामारीत शीर दुखावली, म्हणून हात बधिर. दुसऱ्या प्रकारात लाल काड्यांसारखे जंतू खचाखच दिसतात. तुमच्यात शोधूनही सापडले नाहीत. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही."

"आणि त्या दुसऱ्या प्रकाराच्या माणसाचा काय?"

"त्यालाही गोळ्या आहेत. तुम्हालाही घ्यायच्या आहेत, बरीच वर्षं." मग डॉक्टर हळूच म्हणाले, "घरी नुसता कातडीचा विकार म्हणून सांगा."

"नाय. नाव घेवनच सांगतलंय."

आणि सांगितलं. घरापुढच्या अंगणात, भर खळ्यात उभी राहून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. "महारोग आसा! देवान खोटा सांगूक नाय. पण माका मांगरात धाडा, असा देवान खंय सांगल्यान? ह्यो रोग माझ्यापासून कोणाक लागता काय, ता तुमी इचारूकच नाय!"

आजी चाचरली. "मगे परत कौल लावया."

"कित्याक? माझ्या घरात जावक माका कौल कित्याक होयो?"

ती आत गेली, भात टाकला, सुगंधाला मांडीवर घेऊन भरवायला बसली. आजी ओरडली, "पोराक तरी सोड गो!"

"तुमी जेवण सोडा होया तर. माझा चेडू मी सोडूचंय नाय."

आजीने खरंच जेवण सोडलं. म्हणजे सुनेच्या हातचं. ती शेजारी लक्ष्मीकडे जेवायला जाऊ लागली. काही दिवस गेले. मग एका दुपारी लक्ष्मीने तिचं पान बाहेर पडवीत, सगळ्यांपासून लांब मांडलं. "राग मानू नका, काशीबाय. तुमीय त्याच घरातल्या."

आजी पानावरून उठली. भर उन्हातून घरी आली, चुलीसमोर पाट ओढला आणि मान खाली घालून म्हणाली, "शेवंती, वाड."

काकीने भात वाढायला घेतला, आणि थांबली.

"आदी हात धुवन येवा," म्हणाली.