शाफ्ट आणि आईचं लुगडं

चकचकीत वस्तू दिसली की माझा धाकटा भाऊ तिच्या प्रेमात पडायचा, आणि मी आधी संशय घ्यायचो. लाँचच्या शाफ्टवरून आमचं वाजलं ते त्यामुळेच. घरात माणसं तीनच, आम्ही दोघे आणि आई. बाहेर समुद्रात उभ्या आगबोटीपर्यंत उतारूंचा पडाव, म्हणजे बिनइंजिनाची मोठी होडी, लाँचने ओढून न्यायचा, हा दाभोळला आमचा धंदा. खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी आहे. ओहोटीच्या वेळी तिथे इंजिनाने दगा दिला तर पडाव उलटलाच म्हणून समजा. आणि इंजिनाचा सगळा जोर पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेतो तो शाफ्ट. तो एका नळीतून जातो, नळीत खारं पाणी असतं, आणि साधं लोखंड त्यात बघता बघता कुजतं.

तीस सालाच्या पुढची गोष्ट. स्टेनलेस पोलाद मुंबईत नवं नवं आलं होतं. भाऊ म्हणे तेच घ्यायचं. ताकदीला जबर, गंजत नाही, शिवाय मी म्हणत होतो त्या निकेल-तांब्याच्या धातूपेक्षा स्वस्त. मी आधी मुंबईच्या गोदीत फिटर होतो. तिथल्या पंपांत निकेल-तांब्याचे दांडे वर्षानुवर्षं चाललेले मी पाहिले होते. दिसायला मळकट, पोलादापेक्षा नरम, पण खाऱ्या पाण्याला दाद देत नाहीत. स्टेनलेसची सारी भिस्त अंगावरच्या एका पातळ पापुद्र्यावर. तो कोंडलेल्या पाण्यात टिकतो का, हे छातीठोकपणे कुणी सांगत नव्हतं. मलाही सांगता येत नव्हतं, म्हणून मी नुसता ओरडत होतो.

शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर शाफ्ट स्टेनलेसचाच बसला. माझं तोंड बंद करायला भावानेच तोड काढली. त्याच शाफ्टचा उरलेला तुकडा आणि मी गोदीतून आणलेला निकेलचा तुकडा, दोन्ही दोरीने बांधून धक्क्यापाशी खाडीत सोडायचे. पावसाळाभर लाँचही तिथेच नांगरलेली राहणार होती. नारळी पौर्णिमा झाली की तुकडे काढायचे आणि मग बोलायचं.

नारळ सोडून झाला. आगबोट पहिल्या फेरीला यायची त्या सकाळी मी म्हटलं, आधी तुकडे बघू.

"उतारू बसलेत, दादा. तू काढ नि बघत बस," म्हणत भाऊ पडाव जोडून निघूनही गेला. मला असा राग आला की मी दोऱ्या हिसडूनच वर ओढल्या.

दोन्ही तुकड्यांवर बारीक शिंपल्यांची खपली धरली होती. निकेलचा तुकडा सुरीने खरवडला. धातू हिरवट झालेला, पण सपाट. स्टेनलेसचा उघडा भाग अजून आरशासारखा होता. क्षणभर वाटलं, हरलो. मग दोरीची गाठ सोडली. गाठीखाली भोक होतं. शिंपले उडवले, तर त्यांच्याखालीही भोकं. धक्क्यालगतच आमचं घर, आई पडवीत गोधडी शिवत होती. तिची सुई मागून घेतली आणि भोकात घातली. ती निम्मी आत गेली.

जिथे पाणी कोंडलं होतं तिथेच पोलाद पोखरलं होतं. शाफ्टच्या नळीत तर पावसाळाभर कोंडलेलंच पाणी होतं. आणि लाँच खाडीच्या तोंडाच्या अर्ध्या वाटेवर होती.

हाका पोचणार नव्हत्या, होडीने गाठणं शक्य नव्हतं. लाँचला परत फिरवणारी एकच खूण आमच्याकडे होती, घरामागच्या टेकाडावरच्या काठीला पांढरं कापड. त्याचा अर्थ, घरातलं माणूस गेलं. घरातलं ते माणूस माझ्यासमोर उभं होतं. मी काठीकडे पाहिलं, मग आईकडे. माझ्या नजरेवरून तिला कळलं असावं. ती आत गेली आणि आपलं धुतलेलं पांढरं लुगडं घेऊन आली.

"लाव. माझ्या नावानं लाव."

"आई, अपशकुन..."

"अपशकुन तिकडं पाण्यात फिरतोय. लाव म्हणत्ये ना!"

लुगडं फडकलं तेव्हा लाँच पट्टीशी पोचत आली होती. ती वळली. मी हुश्श केलं, पण क्षणभरच. भाऊ आईसाठी येत होता, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात सोडून, ओहोटीच्या उलट. त्या शाफ्टवर इतका जोर आजवर पडला नव्हता. मी टेकाडावरून हात हलवत "हळू! हळू!" म्हणून ओरडत होतो. लांबून ते ऊर बडवल्यासारखंच दिसलं असणार.

आतल्या वळणावर, शांत पाण्यात, शाफ्ट तुटला. इंजिन नुसतंच भणभणलं आणि लाँच मागे वाहू लागली. पडावावरच्या खलाशांनी नांगर टाकला. त्याने तळ धरला. उतारू आम्हाला शिव्या घालत चिखलातून काठाला लागले.

भाऊ त्यांच्याही आधी आला, छातीएवढ्या पाण्यातून धडपडत, रडत. धक्क्यावर आई उभी बघून तो थबकला. मी टेकाडावरून उतरून पोचतोय तोच त्याने माझी मानगूट धरली. मी स्टेनलेसचा तुकडा आणि सुई त्याच्या हातात कोंबली. त्याने सुई भोकात घातली, काढली, पुन्हा घातली. मग वळून खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे वाळूवर लाटा फुटत होत्या.

"रडून झालं असंल तर लुगडं काढून आण," आई त्याला म्हणाली. "मला नेसायचं हाय."

भाऊ टेकाडावर गेला. काठीवरचं लुगडं उतरवून त्याने त्यात तोंड खुपसलं, आणि आईने दोनदा हाक मारली तरी तो खाली आला नाही.