एकही नकार नाही

तापाची साथ आली त्या वर्षी मी झरीकडच्या पाड्यांवर आरोग्यसेविका होते. संशोधनासाठी मुलांचं रक्त घेतलं जात होतं आणि आयांचे संमतीचे अंगठे घेणं माझ्याकडे होतं. संशोधनावर नजर ठेवणाऱ्या नैतिकता समितीच्या बाईंनी विचारलं, "नाही किती जणी म्हणाल्या?"

मी तोऱ्यात सांगितलं, "एकही नाही."

"म्हणजे नाही म्हणता येतं, हे तुम्ही सांगितलंच नाही."

मला राग आला. उन्हातान्हात पाडे मी तुडवले होते. मग एक आई आठवली. अंगठा देताना तिने विचारलं होतं, "यानं पोर बरं होईल ना?" मी घाईत मान डोलावली होती.

पोर गेलं. तलासरीच्या बाजारात भेटली की ती अजून विचारते, "बाय, रगत कमी पडलं का?"