बानाबाईची पहिली पंगत

मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर आहेत. त्यामुळं बानाबाईच्या घरात काय शिजतं ते मला वासावरून कळतं आणि काय पेटतं ते आवाजावरून. मागच्या दिवाळीनंतर पेटलं ते तिच्या मुलीच्या, अक्षदाच्या लग्नावरून. दीर मोतीराम बीड बायपासच्या एका लॉन्सचं पॅकेज घेऊन आला होता. मंडप, बँड, फोटो, जेवण, सगळं एकाच माणसाकडं. "वहिनी, तुमी निस्तं नटून बसायचं," तो म्हणाला.

"बाकी तुमी बघा," बानाबाई म्हणाली. "आचारी मी ठरवनार."

तिचा नवरा मुंजाबा बिडकीनकडं मेंढरं राखतो. घरी क्वचित येतो आणि आला तरी क्वचितच बोलतो. त्या दिवशी बोलला. "ती म्हनती तसं करा."

हा हट्ट कशापायी, ते मला ठाऊक होतं. बानाबाईच्या स्वतःच्या लग्नात बायकांची पंगत सगळ्यात शेवटी बसली. तोवर बुंदी संपली होती, रस्स्यात पाणी ओतून झालं होतं, आणि तिच्या आईच्या पत्रावळीवर नुसता भात पडला. पोरीच्या लग्नात पोरीची आईच अर्धपोटी उठली. इतक्या वर्षांनीही बानाबाई हे काल घडल्यासारखं सांगते. अक्षदाच्या लग्नात बायका पहिल्या पंगतीला बसतील आणि गरम जेवतील, एवढंच तिला हवं होतं. सासू लक्ष्मीबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "बाया आधी? पाव्हने तोंडात शेन घालतील," त्या म्हणाल्या.

मग आचारी शोधत बानाबाईची आणि माझी भटकंती सुरू झाली. पहिल्या केटररनं एसीत बसवून इवल्याशा वाट्यांतून भाज्या चाखायला दिल्या. बाहेर आल्यावर बानाबाई म्हणाली, "वाटीत कुनाचीबी भाजी गोड लागती गं, अमृता. हजार मान्सं उठल्यावर काय उरतं ते बघाया पायजे." म्हणून आम्ही अनोळखी लग्नांत शेवटच्या पंगतीला जाऊन बसू लागलो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका लग्नात एका आगाऊ मामानं हटकलंच, "तुम्ही कोणाकडच्या?" मी मान पत्रावळीत घातली. बानाबाई शांतपणे म्हणाली, "आचाऱ्याकडच्या." मामा पुढं गेला. कुठं वांगी करपलेली, कुठं पुऱ्या चामड्यासारख्या. एका ठिकाणी तर "भात घ्या ना मावशी" म्हणत आमची बोळवण झाली.

सांडू आम्हाला चिकलठाण्याच्या एका लग्नात सापडला. अजिंठ्याकडचा आचारी, तोंडाचा फटकळ. शेवटच्या पंगतीसाठी त्यानं कढई पुन्हा चढवली आणि ताज्या पुऱ्या तळल्या. बुंदीही भरपूर शिल्लक होती. बानाबाईनं कारण विचारलं, तर म्हणाला, "शेवटच्या मान्साला शिव्या द्याया लई येळ आसतो, वैनी." तिनं तिथल्या तिथं कनवटीची सुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली. आमच्याकडं ज्याच्या हातची सुपारी, त्याचाच हुकूम. आचारी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. "पयली पंगत बायांची," ती म्हणाली. "त्या बसस्तवर झाकन निघनार नाय." सांडूनं सुपारी खिशात टाकली.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या न पडल्या तोच मोतीरामनं माइक धरला. "पुरुष मंडळींनी आधी बसून घ्यावं." मंडळी बसलीही. पत्रावळी पडल्या, पाणी आलं, पुढं काही येईना. मोतीराम तणतणत भट्टीकडं गेला. मीही मागोमाग गेले, अशी मजा कोण सोडतं? सांडू झारा धरून उभा होता. "भाऊ, सुपारी वैनीच्या हातची हाय. त्या बसल्या की वाढतो." मोतीरामनं आवाज चढवला, मग हात जोडले. सांडू बधला नाही.

मी मंडपात परतले, तर बानाबाई कुणाशी भांडत नव्हती. ती सरळ विहिणीपुढं जाऊन उभी राहिली. "चला, आपुन बसू." विहीण बावरली आणि आपल्या नवऱ्याकडं बघू लागली. विहीण इथं रुसली असती तर अक्षदाला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. पण तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "खरं सांगू का, सकाळपासून पोटात काय नाय." समोरच्या मोकळ्या ओळीत तिनं मांडी घातली. तिच्यामागून तिच्या जावा-नणंदा बसल्या, मग आमची सगळी गल्ली. झाकणं निघाली. वाढपी पुरुषांच्या ओळी ओलांडून बायकांकडं गेले आणि पुरुष नुसता वास घेत बसले. मला इतका आनंद झाला की अक्षदाच्या लग्नाचाही तेवढा झाला नव्हता.

मुंजाबा उठला, बुंदीची बादली उचलून बायकांच्या ओळीत वाढू लागला. मग मोतीरामनंही वरणाचं भांडं घेतलं. नुसतं उभं राहणं त्याला जास्त जड गेलं असावं.

लक्ष्मीबाई मात्र खांबाला धरून उभ्याच होत्या. "मी मागून बसन," त्या म्हणत होत्या. बानाबाईनं हाताला धरून त्यांना शेजारी बसवलं. पहिले काही घास त्या मान खाली घालून जेवल्या. मग कुणाकडं न बघता चवीनं जेवू लागल्या. मुंजाबा बादली घेऊन परत आला, तेव्हा सगळ्या पाहुण्यांदेखत म्हातारीनं आपली पत्रावळ पुढं सरकवली.

"वाढ अजून," त्या लेकाला म्हणाल्या. "गरम हाय."